तात्पुरतं

अंबडच्या गाळ्यात रात्रीचे एक.
निफाडला पारा पाचावर आलाय म्हणे,
आणि मी स्वेटरवर शाल घेऊन
एसीखाली बसलेय,
कारण सर्व्हरला उकडतं.

सकाळी नऊला हवंय जुन्या डायचं ड्रॉइंग.
ते एका सीडीवर आहे,
सीडी माझ्या हातात आहे,
वर मार्करने लिहिलंय: झाकण, बाहेरचं, दुरुस्त.
फक्त ती वाचणारा ड्राइव्ह
या मशीनच्या लेखी जन्मलाच नाहीये.

डिस्कांची यादी मागितली.
एक आली, दुसरी आली, तिसरीही आली.
एसआर-झीरो नाही.
मॉड्यूल हाताने चढवलं. चढलं,
सीबीएसला कुणाला आणायला गेलेली रिक्षा
रिकामी परतावी तसं गप्प.
बूटचा सगळा लॉग चाळला.
कर्नल पंख्याबद्दलसुद्धा बोलतो,
याच्याबद्दल अवाक्षर नाही.
एखादी एरर असती तर बरं वाटलं असतं.
चुकायलासुद्धा कुणीतरी घरात असावं लागतं.

पलीकडच्या गाळ्यात प्रेस पडते. धप्प.
रॅकवरचा पेला सूतभर सरकतो.

तीनदा रीस्टार्ट.
बायोसमध्ये पोर्ट चालू, पोर्टवर कुणी नाही.
परवानग्या, लिंका, कोण कुठल्या गटात,
येत होतं ते सगळं करून झालं,
येत नव्हतं तेही थोडं.

तेवढ्यात निवृत्ती गांगुर्डे, वॉचमन,
रजिस्टर घेऊन आले. सही हवी होती.
मी सही करेपर्यंत वाकून बघत राहिले.
"बाकीच्यांना दिवे आहेत मॅडम. याला नाही का?"

मी ट्रेचं बटण दाबलं.
तीन तासांत पहिल्यांदा.
ट्रे आला नाही.

झाकण उघडलं.
ड्राइव्हच्या पाठीशी पॉवरची जागा मोकळी,
तिची पिन तिसऱ्या डिस्कला लावलेली,
वायरला पिवळी पडलेली मास्किंग टेप:
तात्पुरतं. आहेर. ७ मार्च.
साल नाही.

आहेरला मस्कतला जाऊन सहा वर्षं झाली.
त्या तिसऱ्या डिस्कवर रोज रात्री
अख्ख्या कारखान्याचा बॅकअप उतरतो,
पगार, गेटपास, नाकारलेल्या मालाचे फोटो.
इतक्या वर्षांत ड्राइव्ह कुणाला लागला नाही
आणि डिस्क एकदाही उपाशी झोपली नाही.
शिवी द्यायला तोंड उघडलं होतं,
जांभई आली.

चारला बॅकअप संपला. मशीन बंद.
पिन ड्राइव्हला दिली, पुन्हा चालू.
हिरवा दिवा. एसआर-झीरो,
जसा काही कालपासून इथेच बसलाय.
सीडी खरखरली, दोनदा अडली,
मग फाइल उतरली. अकरा एमबी.

पिन परत डिस्कला.
दोन तोंडांची केबल अकराशिवाय मिळत नाही,
एम. जी. रोडची दुकानं सावकाश उठतात.
टेपचा तुकडा दाताने तोडला,
आहेरच्या खाली चिकटवला:
ड्राइव्हला पॉवर नाही. तात्पुरतं. सरोदे.
तारीख टाकली.
सालापाशी पेन जरा थांबलं.