उशिरा येणारे

शारजात दुपारचे दोन. ऑक्टोबर असूनही
बाहेर रस्ता तव्यासारखा.
भिंतीवरच्या पडद्यात दुसरीच एक खोली:
तिथे बारा वाजलेत, तरी दिवे लागलेले,
ओटाकार नावाचा गृहस्थ स्वेटर घालून
रिॲक्टरच्या पॅनेलपाशी बसलाय.
मध्ये वाळवंट, दोन समुद्र, कितीतरी डोंगर
आणि एक सेकंद.

आधी तो सेकंद मोजायला शिकवते मी.
आम्ही म्हणायचं, "दांडा पाच सेंटीमीटर वर."
काहीच होत नाही.
मग ओटाकार आमचंच वाक्य आम्हाला परत म्हणून दाखवतो,
सावकाश, तलाठ्याने उतारा वाचावा तसं,
आणि मगच बटणाला हात लावतो.
हात त्याचा. वही आमची.

"दोक्तोरा," खलफान विचारतो,
"त्या रिॲक्टरला माहीत असतं का, आपण इथे आहोत ते?"
वर्ग हसतो.
मला चटकन उत्तर सुचत नाही.

जिस्ना हिरमुसलीय. निळा उजेड बघायला आली होती.
एवढ्याशा शक्तीवर निळं काही दिसत नसतं गं,
ही ऊर्जा चहाच्या किटलीलाही पुरायची नाही.
दिसतं ते नुसतं पाणी, खोल, स्वच्छ,
आणि कठड्यावरची एक पाटी, कुणालाच न वाचता येणारी.

पण ऐकू येतं.
टक.
टक, टक.
कढईत पहिल्या लाह्या फुटाव्यात तसं.

फळ्यावर 'क्रिटिकल' लिहिते.
माझ्याकडे हा शब्द दवाखान्याच्या पायरीवर भेटतो,
रात्री फोनवर येतो: क्रिटिकल आहे, निघ.
इथे त्याचा अर्थ साधा:
जितके जन्मले तितकेच गेले. महिनाअखेरीला
हिशेब पैशापैशाने जुळावा, तसं.
एकदा मला शारजाहून निघायला उशीर झाला होता.
ते असो.

शम्साच्या आलेखाची रेघ उतरत चाललीय,
दांडा वर, रेघ खाली.
ती पट्टी लावून रेघ पुढे ओढते, शून्याला टेकवते,
जीभ दातांत धरून म्हणते, "अठ्ठेचाळीस."
पलीकडे दांडा चढत राहतो, थबकतो.
एक सेकंद.
"एकोणपन्नास," ओटाकार म्हणतो, आणि पहिल्यांदाच हसतो.

आता मुद्द्याचं सांगते, नीट ऐका:
फुटणाऱ्या अणूतून जवळजवळ सगळे न्यूट्रॉन तत्क्षणी निघतात,
हजारात सहा-सात मागे रेंगाळतात,
काही सेकंदांनी येतात, कधी मिनिटाने.
त्यांच्या जिवावर हे सगळं चाललंय.
सगळेच वेळेवर आले असते ना,
तर जगातला कुठलाच हात दांड्यापर्यंत पोचला नसता.

नेमकं तेव्हाच दार वाजतं.
दिब्ब्याचा हुमैद. बस चुकली म्हणे, डोंगरात.
वर्ग असा काही हसतो की ओटाकार
कानातलं यंत्र काढून बघतो, बिघडलं की काय.
हुमैद गोंधळून मागच्या बाकावर.

शेवटी आम्ही म्हणतो, "बंद करा."
एक सेकंद. दांडे धपकन खाली.
आकडा कड्यावरून कोसळतो,
ओटाकार हात हलवतो, कॅमेरा जातो,
पोरं दप्तरं उचलतात, खुर्च्यांचा खडखडाट.

काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांची चौकट तेवढी उरलेली.
हुमैद उठलेला नाही.
घड्याळ बघतोय, लिहितोय,
ऐंशी सेकंद, आणखी ऐंशी.
मी दिव्याच्या बटणाकडे हात नेते.

"थांबा, दोक्तोरा," तो म्हणतो,
"अजून येतायत."