चौदावा रकाना

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, तळमजल्यावर,
एक्स-रेच्या खोलीमागं माझं टेबल.
अकरा महिन्यांची ऑर्डर. खुर्चीचा एक हात तुटका.
काम सोपंय: पिवळे पडलेले केसपेपर उघडायचे
आणि माणसं रकान्यांत भरायची.

वय. लिंग. साखर. बीपी. अंगात रक्त कमी का.
क्रिएटिनिन, सोडियम, प्लेटलेट,
एक एन्झाइम, ज्याचं नाव मला अजून नीट टाइप करता येत नाही.
हृदय एका ठोक्याला किती टक्के रक्त ढकलतं.
धूम्रपान: हो तर एक, नाही तर शून्य.
शेवटी दोन:
किती दिवस तपासणीला येत राहिला,
आणि मेला का.

सुमेध लातूरहून दर बुधवारी येतो, लॅपटॉप उघडतो.
म्हणतो, ताई, मशीनला नावं नकोत, काढून टाका.
मी काढते.
बोटांना मात्र पाठ असतात.

एकशे सत्तेचाळीस: प्रयागबाई दहिफळे, वडवणीकडची.
वय अंदाजे. "भात्तरच्या दुष्काळात मी माईच्या कडंवर व्हते," एवढाच दाखला.
टक्के पंचवीस.
पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा
आणि चहा येईपर्यंत भरायचा नाही.
रात्री निजता कशा, विचारलं तर म्हणाली,
"निजत न्हाई माय, भितीला टेकून बसते.
भितबी दमली आता."
याला रकाना नाही.

धूम्रपान: शून्य.
अंगठा लावताना दिसलं होतं मला,
शेजारचं बोट मिश्रीनं काळं.
शून्य.
दिवस: अठ्ठावीस.
मेली का: कोरं.

सुमेध म्हणतो, अशा ओळी गाळाव्या लागतात.
मी एका दुपारी नुसत्या तारखा लावून बघितल्या.
कोरी घरं दसऱ्यानंतर सुरू होतात,
पाडव्याच्या आसपास थांबतात.
मशीनला हे दिसलं नव्हतं.
मला दिसलं, कारण माझा भाऊही कारखान्यावर असतो.
मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता.
तिथं ती अर्धी,
इथं तेरा रकाने,
आणि दोन्हीकडं हिशेब जुळतो.

परवा मॉडेल पहिल्यांदा धड चाललं.
सुमेधनं टेबलावर थाप मारली,
काझी मॅडम चष्मा वरच विसरून खाली आल्या.
गाळलेलेही एकदा घालून बघ ना, मी म्हटलं.
त्यानं घातले.
एकशे सत्तेचाळीस: शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी.
मॅडम स्क्रीनला नाक लावून बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "फोन लावा."

नंबर माझ्याच अक्षरातला.
शेवटचा आकडा एक की सात,
वर पाण्याचा थेंब पडलेला.
एक लावला, तर जालन्यात कुणीतरी उचलला,
"कोण प्रयागबाई?" मागं लोखंडाच्या सळया आदळत होत्या.
सात लावला, तर एक बाई गोड आवाजात
कानडीत काहीतरी सांगत राहिली, पुन्हा पुन्हा तेच.
मला कानडी येत नाही.
फोन कुठवर गेलाय, तेवढं कळलं.

पाच वाजले. सुमेधची एसटी होती.
शीट बंद करण्याआधी मी उजवीकडं सरकले
आणि कुणाला न विचारता चौदावा रकाना काढला.
वर लिहिलं: मिश्री.
एकशे सत्तेचाळीससमोर एक.
बाकी सगळी घरं कोरी.
बाकीच्यांची बोटं मी बघितलीच नव्हती.