टाळता येण्याजोगा खर्च

आकडे खोटे नव्हते, हे आधी सांगून टाकतो.
ऐन-सिद्रचं जुनं स्टेशन गावाच्या पोटात होतं
आणि मुख्य लाइन गावाबाहेरून, सरळसोट, दम्मामकडे.
म्हणजे प्रत्येक गाडी आधी पुढे जायची, थांबायची,
मग शेपटीकडून हळूहळू गावात शिरायची,
एखादा पाहुणा पाठमोरा घरात यावा तशी.
सव्वीस मिनिटं. दिवसातून सहा वेळा.
डिझेल, एक शंटर, खजूरबाजारातली तीन फाटकं,
आणि जमीन, जिचा भाव
मुसाएद इंजिनियरने कागदावर लिहिला नाही,
टेबलावर बोटाने काढून दाखवला
आणि तळहाताने पुसला.

मी रकाना भरला. उजवीकडून चौथा:
टाळता येण्याजोगा खर्च.
शंटर हा शब्द टाइप करताना बोट थबकलं.
थबकलं का? आता तसं वाटतं.
तेव्हा एसी चालू होता
आणि जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं बाकी होती.

भुसावळच्या यार्डात आप्पांनी एकतीस वर्षं
गाड्या मागे घेतल्या.
दोन डब्यांच्या मध्ये वाकून शिरायचं, कपलिंग लावायचं,
बाहेर येऊन हिरवी झेंडी हलवायची.
आई रात्री विचारायची, आज किती?
म्हणजे किती वेळा आत शिरलात.
त्यांनी खरा आकडा कधी सांगितला नाही.

नवं स्टेशन अकरा किलोमीटरवर, वाळूत.
देखणं आहे. काचेचं छत,
फरशी अशी की चालताना आपलेच जोडे खालून दिसतात.
गाडी येते, दोन मिनिटं थांबते, जाते.

शफी हमदुले, हर्णैचा,
जुन्या तिकीट खिडकीशेजारी बावीस वर्षं
चहा आणि रिचार्जची कार्डं विकायचा.
नव्या गाळ्याचं भाडं ऐकून तो आधी हसला,
मग मला म्हणाला,
"ते अकरा किलोमीटर कोणाच्या खात्यात टाकलंस रे?"
मी म्हटलं, कुणाच्याच नाही.
रस्ता सरकारचा आहे.

तिकीट वीस रियाल. टॅक्सी पंचवीस.
रात्रपाळी संपवून पहाटेच्या गाडीने घरी जाणारी
इस्पितळातली मेरीसेल आता चौघींची वाट बघते,
टॅक्सी भरेपर्यंत, बूट काढून, पायरीवर.
वखारीतली बंगाली मुलं शुक्रवारी
दम्मामला समुद्र बघायला जायची,
हातात चपला घेतलेले फोटो गावी पाठवायची.
आता शुक्रवारी झोपतात.

जुन्या फलाटावर मॉल झाला.
बोराचं झाड मात्र ठेवलंय.
ज्याच्यावरून गावाला नाव पडलं, ते तोडायचं कसं?
भोवती कठडा, बुंध्याला निळे दिवे.
रात्री पाखरं बसत नाहीत म्हणतात.
मी रात्री गेलेलो नाही.

दुसऱ्या वर्षी मुसाएदचा फोन.
प्रवासी निम्म्यावर आलेत, म्हणाला,
सहातल्या दोन गाड्या काढल्या तर किती वाचेल?
आवाज थकलेला होता. त्यालाही वर कुणीतरी आहे.
मी जुनी फाइल उघडली, नव्या नावाने सेव्ह केली.
सूत्रं तीच चालली. काही बदलावं लागलं नाही.

त्याच संध्याकाळी आप्पांचा व्हिडिओ कॉल.
एकोणऐंशी वर्षांचे, फोन कपाळाला चिकटवून धरतात,
मला फक्त एक भुवई आणि पंखा दिसतो.
विचारत होते, तुमच्याकडे गाडी मागे कशी घेतात?
झेंडी दाखवतात की वॉकीटॉकी?
मी म्हटलं, घेतच नाहीत, आप्पा. आता गरज नाही.
भुवई जरा वेळ हलली नाही.
"मग गावात कशी येते?"

मी म्हटलं, हॅलो, हॅलो,
आवाज तुटतोय तुमचा.