केसभर

मोडीत निघालेल्या एका मोबाइल टॉवरमधून
उतरवलेलं घड्याळ
एकशे नव्वद पौंडांना घेतलं मी.
डायल नाही, काटे नाहीत.
विटेएवढा करड्या पत्र्याचा डबा,
आत काचेच्या कुपीत रुबिडियमची वाफ
आणि सेकंदाला एक कोटी ठोके.
तीनशे वर्षांत एखादा सेकंद चुकलं तर चुकलं, म्हणतात.
तीनशे वर्षांनी टॉडमॉर्डनमध्ये
कोण असणार आहे तक्रार करायला?

मुलगी लीड्सहून फोनवर समजावते:
पप्पा, हे घड्याळ लांब पल्ल्याचं.
कानाला बोचतो तो क्षणाचा थरकाप,
त्याला डॅकमधला दहा पौंडांचा स्फटिक पुरतो.
बाहेरून केबल ओढलीत तर थरकाप वाढेल, कमी नाही होणार.
शास्त्र तिच्या बाजूनं आहे.
मी केबल आखूड घेतली.

तासभर तापू दिलं.
हिरवा दिवा लागला, मी चहा केला, तो गार झाला.

वाजवायला फाइल एकच.
सत्त्याऐंशी साली मिरजेत, दुकानाच्या माडीवर,
उसन्या कॅसेट रेकॉर्डरवर भरलेला
अब्बांचा तंबोरा. जवारी लावतानाचा.
सोळा मिनिटं. गाणं नाही, गवई नाही.
तार छेडायची, घोडीवरचा दोरा सरकवायचा,
छेडायची, सरकवायचा,
मग एका जागी, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही,
तार उघडते
आणि भोपळ्यातून मधमाश्या निघाल्यासारखा
षड्ज निघतच राहतो.
ती जागा मला कधी सापडली नाही.
अब्बांनी चार वर्षं वाट पाहिली,
मग म्हणाले, इलाही, तू टेलिफोनच्या खात्यात जा.

शेजारची ग्लेनिस ॲक्रॉइड दर गुरुवारी
चर्चच्या घड्याळाला किल्ली द्यायला मनोऱ्यात चढते.
गुडघे दोन्ही बदललेले, तरी चढते.
घड्याळ मागे पडलं तर लंबकावर जुनी पेनी ठेवायची,
पळायला लागलं की उचलायची.
तिच्या एप्रनच्या खिशात कायम तीन पेन्या,
राणीचा चेहरा पार झिजलेला.
माझा डबा तिनं उलटसुलट केला
आणि विचारलं, यात पेनी कुठं ठेवतात?

तिलाच बसवलं परीक्षेला.
माझ्या पाठीमागे उभी राहून ती स्विच टाकणार,
मी डोळे मिटून सांगणार
घड्याळ आतलं की बाहेरचं.
दहापैकी चार.
नाणं उडवलं असतं तर पाच आले असते.

ती हसली नाही. म्हणाली, सरक, आता मी ऐकते.
खुर्चीत बसली, पाय स्टुलावर.
मी खिडकीशी. खाली कालव्यावर
कुणी कुत्र्याला हाका मारत होतं.
मी काही ऐकत नव्हतो,
एकशे नव्वद पौंडांचा हिशेब करत होतो.

सोळावं मिनिट संपताना तिनं विचारलं,
शेवटी तो माणूस काय म्हणतो?

कोण माणूस?

मागे घेतलं. पुन्हा लावलं.
जी टेपची खरखर म्हणून
मी इतकी वर्षं सोडून देत आलो, तिच्या आत,
दोरा दातांत धरून, ओठ न हलवता,
स्वतःशीच, मिरजेच्या हेलात:
अजून केसभर.

ग्लेनिसला अर्थ सांगितला.
तिनं मान हलवली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.
पेनी, म्हणाली.

मग दोघांनाही एकदमच सुचलं
आणि आम्ही स्विचकडे वळलो.
मघाशी मागे घेताना
माझा हात त्याला लागला होता.
कदाचित दोनदा.