बटणांचा डबा

एकशे त्रेचाळीस पासवर्ड.
मोजायला बसेपर्यंत मला वाटत होतं, बारा-तेरा असतील.
बँक, करखातं, बोटीचा विमा, मासळीच्या लिलावाचं पान,
दवाखाना, आणि कसलंतरी एक, ज्याला मीच नाव दिलंय
"जुनं पण पुसू नको".

राकुल म्हणते, क्लाउडवर टाक.
धाकटी बहीण. टोर्सहाव्हनला बंदराजवळ राहते,
फोनवर तिच्या मागे नेहमी कुणीतरी हसत असतं.
"मोबाइल बुडाला, घर जळलं, तरी तुझं काही जात नाही."
मी खिडकीबाहेर बघतो.
आमच्या बेटावर ढग रोज डोंगर उतरून
कुंपणापाशी येऊन बसतो, मेंढ्या गिळतो,
दुपारी लहर लागली तर परत करतो.
सगळ्याच नाही.

"तो ढग नव्हे, हानुस."
माहीत आहे मला. हा ढग म्हणजे
कुठल्याशा सपाट देशातलं, पंख्यांच्या घरघरीतलं
कुणाचं तरी कपाट,
भाडं थकलं की दार लावून घेणारं.

दोन हिवाळ्यांमागे समुद्रातली केबल तुटली.
चार दिवस कार्ड चालेना,
दुकानात आल्फहिल्ड वहीवर उधारी लिहीत बसली,
निम्म्या गावाचं आडनाव एकच, तिने टोपणनावं लिहिली,
त्यावरून दोन भांडणं झाली.
मी ऐटीत. माझं सगळं माझ्या खणात.

मग फेब्रुवारीत वाऱ्याने शेडचं छप्पर नेलं.
मी हिशेब तिथेच करायचो, वाळत टांगलेल्या मटणाच्या वासात.
लॅपटॉप उचलला तर कडेने खारं पाणी गळालं.
ऐटही गळाली असावी. तेव्हा लक्ष गेलं नाही.
बँकेत जाऊन मी मीच आहे हे पटवायला
नऊ आठवडे लागले.

दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला,
तिजोरीची फाइल कुणाच्याही हाती द्या,
मुख्य शब्द माहीत नसेल तर आत नुसती खरखर.
कुणाच्याही?
कुणाच्याही, अगदी वैऱ्याच्या.

म्हणजे राकुलचं बरोबर होतं.
पण मग तुमासही चालेल की.

तुमास, भिंतीपलीकडचा.
एक मेंढा आणि वावभर दगडी भिंत,
एवढ्यावरून अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
त्याची बायको गेली तेव्हा मी चर्चच्या फाटकापर्यंत गेलो होतो.
फाटकापर्यंतच.

त्याने दार उघडलं. आत सूप उकळत होतं.
मी पेनड्राइव्ह पुढे केला. "हे ठेव."
"काय आहे?"
"तुला उघडता येणार नाही असं काहीतरी."
तो बराच वेळ बघत राहिला, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.
मग फळीवरून पत्र्याचा डबा काढला, तिचा, बटणांचा,
बोटाने बटणं बाजूला सारली
आणि मधोमध जागा केली.
"उघडायचा शब्द?"
"डोक्यात."
"मग ओल्या दगडांवरून जपून चालत जा."
अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य. त्यात काळजी होती की टोमणा,
मी अजून ठरवलेलं नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
नवी प्रत घेऊन जातो, जुनी आणतो.
सूप मिळतं. मेंढ्याचा विषय निघत नाही.
तुमासचं घर जळलं तर? राकुल विचारते.
आमची दोन्ही घरं एकाच वाऱ्यात आहेत, तिचं म्हणणं खोटं नाही.
म्हणून एक प्रत तिच्या त्या कपाटातही टाकली आहे,
तिच्या समाधानासाठी, असं तिला सांगितलंय.

गेल्या रविवारी ढग पार उंबऱ्यापर्यंत आला होता.
हात पुढे केला तर हात दिसेना.
पेनड्राइव्ह खिशात, मुख्य शब्द ओठांत पुटपुटत
मी भिंत चाचपत चाचपत गेलो.
तीच भिंत.