उतरता गंधार

दर शनिवारी डहाणूकर कॉलनीत, गच्चीवरच्या खोलीत
सात मुलं येतात माझ्याकडे. चार लॅपटॉप, एक गिटार,
आणि तन्वेश नावाचा एक, जो काहीच आणत नाही
आणि सगळ्यांत जास्त ऐकतो.
विचारतात, सर, लक्षात राहील अशी चाल कशी करायची?
मी सांगतो, ते उतरवून घेतात:
मुखडा एका श्वासात मावावा.
उडी एकच, मग पायऱ्यांनी खाली यावं.
रात्री सुचलेलं लगेच रेकॉर्ड करू नये,
सकाळी दात घासताना जे उरलेलं असेल
तेवढंच आपलं.

हे सगळं खरं आहे.
हे सगळं पाळून मी एकशे बारा चाली केल्या
आणि त्यांतली एकही
माझ्या सख्ख्या भावाला येत नाही.

एक उरली. ती अकरा मिनिटांत झाली,
शहाण्णव साली, एरंडवण्यात, तळघरातल्या स्टुडिओत.
भाडं तासावर, तास संपत आलेला,
आणि उदबत्तीवाले छगनमल मुथियान
घड्याळाकडे बघत दारात उभे.
चौदा सेकंद.
सा ग म प, आणि खाली येताना
तोच गंधार, शुद्ध, लख्ख.
तीनशे रुपये रोख, वर मोगऱ्याच्या चार पुड्या.
आईने त्या दोन दिवाळ्या पुरवल्या.

उदबत्ती बंद पडली. कारखान्याच्या जागी
आता लोक गाड्या लावतात.

गेल्या मंगळवारी टिळक रोडला
उपाशीपोटी साखर तपासायला गेलो.
शीर सापडेना.
बिल्ल्यावर प्रज्वला खुडे,
दोन बोटांनी माझं कोपर चाचपत होती
आणि चाचपता चाचपता गुणगुणायला लागली.

माझीच.

मूठ आवळायची विसरलो.
शब्द गेले होते. मुथियान गेले होते, मोगरा गेला होता.
त्यांच्या जागी 'हंडा ठेव गं रांगेत' असं काहीतरी,
आणि खाली येताना गंधार
कोमल.

चुकला.
जन्म पुण्यात गेला माझा,
दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्वदीर्घही मी सोडत नाही.
अगदी ओठांवर आलं, अहो, शुद्ध आहे तो,
तेवढ्यात सुई गेली.
मग एवढंच विचारलं, कुठलं हो गाणं?
"काय की," नळीत चढणारं रक्त बघत ती म्हणाली,
"आई म्हणायची. जनता वसाहतीत,
पाणी यायची वाट बघताना.
हात दुमडून धरा. पाच मिनिटं."

घरी आलो. पोहे झाकून ठेवलेले,
तसेच राहू दिले. पेटी काढली.
आधी माझा गंधार. बरोबर होता.
बँकेतून शिक्का मारून आणल्यासारखा बरोबर.
मग तिचा.

पुन्हा तिचा.

चढताना शुद्ध, उतरताना कोमल,
याला शास्त्रात जागा आहे, राग आहे,
मी तो दोन वर्षं शिकलोय, फी भरून.
नळावरच्या बाईला ते कसं सुचलं?
की सुचलं वगैरे काही नाही,
पहाटे चारला, रिकाम्या हंड्याशी बसून,
घसा तेवढाच खाली यायचा?

जुन्या वहीत ते पान निघालं.
पेन्सिलने ग च्या खाली आडवी रेघ मारली.
कोपऱ्यात माझं नाव होतं, जरा मोठ्याच अक्षरात.
त्याच्यापुढे स्वल्पविराम दिला
आणि थांबलो,
कारण तिच्या आईचं नाव
मी विचारलंच नव्हतं.

रिपोर्ट संध्याकाळी आला.
साखर थोडी जास्त आहे.
तीन महिन्यांनी पुन्हा या, असं लिहिलंय.