कार्डेक्स

मार्चअखेर तेवीस नियतकालिकं बंद केली.
सही माझीच.
कार्डेक्समधली कार्डं उपसली तेव्हा
ट्रेच्या तळाशी निपाणीची बारीक तपकीर,
इतक्या वर्षांत कुणाकुणाच्या बोटांची.

लगमव्वानं रिकामा रॅक पुसत विचारलं,
"इन्न बरूदिल्लेन्री?"
येतात की, म्हटलं, आता तारेतून.
तिनं खिडकीतून तारेकडे पाहिलं.
तारेवर होला बसलेला.

गुरुवारी आदगोंडा सर आले.
निवृत्त, वनस्पतिशास्त्र,
कापडी पिशवीत भिंग आणि भाजक्या शेंगा.
करारात लिहिलंय 'अधिकृत वापरकर्ते',
त्यात सर बसत नाहीत.
मी माझी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली
आणि चहा सांगायला गेले,
बराच वेळ.

गेटजवळच्या लिंबापाशी पोचलं
की सगळे अंक मिटतात.
रेघेचं इथं कुणाला नवल,
पण ही रेघ दरसाल पैसे भरून
पुन्हा आखून घ्यायची.

जूनमध्ये पोस्टमननं एक अंक टाकला,
रेंगाळलेला, कोपरे दुमडलेला,
पत्त्यात अजून 'व्हाया कोल्हापूर'.
नोंदवायला कार्डच उरलं नव्हतं.
तरी तारखेचा शिक्का मारला
आणि टेबलावरच राहू दिला
गुरुवारपर्यंत.